फुटक्या बॅटऱ्यांची खोली

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

ही वही यास्मीनने नवापूरच्या बाजारातून आणली. माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "राग उना का वहीमा लिखा. आम्हना आंगवर काढू नका." म्हणजे बायकोच्या मते माझा राग ही एक ओकारी आहे आणि ही वही म्हणजे बादली. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता कुठे तिला तोंड फुटलंय. ठीक आहे, लिहितो. घरात, बाजारात आम्ही अहिराणी बोलतो. लिहायला मात्र शाळेतलं मराठीच येतं.

तर आजचा राग असा. दुपारी दुकानात एक आयशर ट्रकवाला बॅटरी घेऊन आला. माझा धाकटा भाऊ जाकीर बुचं काढून सेलमध्ये पाणी भरत होता आणि ॲसिडपासून वाचवणारा चष्मा कुठे, तर कपाळावर. कपाळाला काय डोळे असतात? मी गल्ल्यावरून उठलो आणि दोन वाजवल्या. आयशरवाला मध्ये पडला तर त्यालाही ढकलला. जाकीर म्हणतो, "काचवर धुकं जमस भाई, काही दिखस नही." मी म्हटलं, धुक्यातून दिसत नाही म्हणतोस, अब्बांना तर काहीच दिसत नव्हतं.

अब्बा आमच्या घराण्यातले पहिले बॅटरीवाले. आजोबा पिंजारी, गाद्या-रजया पिंजायचे. अब्बांनी विसरवाडीच्या चौफुलीवर ही टपरी टाकली आणि एक दिवस चार्जिंगवरची ट्रकची बॅटरी त्यांच्या तोंडावर फुटली. दोन्ही डोळे गेले. त्यानंतर मरेपर्यंत भिंत धरून चालायचे. जाकीर तेव्हा इतका लहान होता की अब्बा त्याला हाताने चाचपून ओळखायचे. मरताना माझा हात धरून एकच म्हणाले, याच्या डोळ्यांना जप. जाकीर आता चोवीसचा झालाय आणि मी जपतोय. ज्याला जपायचं त्याला कधी कधी वाजवावंही लागतं, हे यास्मीनला कोण सांगणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

खोली झाली. दुकानामागे गाईचा गोठा होता, तो पाडून बांधली. फुटलेल्या, गळणाऱ्या, फुगलेल्या बॅटऱ्या यापुढे फक्त इथेच येणार. खाली आडवे प्लास्टिकचे ट्रे, म्हणजे ॲसिड गळलं तरी जमिनीत जाणार नाही. दोन्ही भिंतींना जाळी, वारा इकडून तिकडे. कोपऱ्यात खाण्याच्या सोड्याचं पिंप, सांडलं की त्यावर टाकायला. दाराशी मोठा नळ, डोळ्यात गेलं तर धुवायला. भिंतीवर पेंटरकडून लाल अक्षरात लिहून घेतलं: चष्मा आधी, हात नंतर. चार्जर आधी बंद, चिमटा नंतर काढा. विडी-काडी बंद. बॅटरी आडवी करू नका.

गुजरातमधला एक नोंदणी असलेला कारखाना आहे, जुन्या बॅटऱ्यांचं शिसं नियमाने काढतो. त्यांचा माणूस ईदनंतर खोली बघायला येणार. पसंत पडली तर आसपासच्या गावांतला सगळा फुटका माल माझ्याकडे जमा होईल. डोंगरातल्या पाड्यांवर सोलरच्या बॅटऱ्या सडत पडल्यात, पोरं त्यावर बसून खेळतात. त्या सगळ्या इथे येतील. अब्बा असते तर हात लावून लावून खोली पाहिली असती.

हे बघायला बन्सीलाल आला. बन्सीलाल म्हणजे वजनकाट्यामागचा भंगारवाला. फुटक्या बॅटऱ्या कुऱ्हाडीने फोडतो, ॲसिड नाल्यात सोडतो, भट्टी पेटवून शिसं वितळवतो. गेल्या साली छगनची म्हैस त्याच नाल्याचं पाणी पिऊन आडवी झाली. छगन माझा हमाल, शेजारच्या पाड्यावरचा, म्हैस मेली तरी तो बन्सीलालला रामराम करतो. मी नाही करत.

बन्सीलाल खोलीत फिरला, पाटी वाचली आणि हसला. "अनीसभाई, सगळा माल तू कारखानाले धाडशी, ते आम्ही काय हवा खावानी?"

मी म्हटलं, हवा तर तू गावाला खाऊ घालतोस, भट्टीची.

त्यावर तो आईवरून बोलला. मी त्याची गचांडी धरून त्याला सोड्याच्या पिंपावर आपटला. त्याचं डोकं पिंपाच्या कडेवर लागून फुटलं, रक्त सोड्यात पडलं. बाहेर त्याच्या टेम्पोत लटकणारा काटा होता, तो काढून मी डांबरी रस्त्यावर फेकला. जाकीर मागून माझी कंबर धरून होता. बन्सीलाल जाताना म्हणाला, "आज तू मन्हा काटा फेका. उद्या तुन्हा हातपाय कोठे पडतीन ते देख."

सोड्याचा वरचा थर फेकून द्यावा लागला. चांगला सोडा होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

लिहिताना बरगडी दुखते. काल नवापूरहून मोटरसायकलवर येत होतो. पुलाअलीकडे तिघांनी वाट अडवली. तोंडाला रुमाल होते, पण एकाच्या पायाचं कातडं ॲसिडने पांढरं झालेलं होतं. असे पाय बन्सीलालच्याच वाड्यात असतात. पहिला दांडका पाठीवर बसला. मी पडलो, मग लाथा. मीही एकाचा कान दाताने धरला आणि सोडला नाही. तो गुरासारखा ओरडत होता आणि बाकीचे दोघे त्याला सोडवायला मला मारत होते.

तेवढ्यात जाकीर आला. कुणीतरी एसटीतून पाहून त्याला फोन केला होता. हातात मोठा पाना. हा पोरगा कोंबडी कापताना तोंड फिरवतो, पण काल त्याने एकाच्या गुडघ्यावर पाना असा घातला की हाड वाजलेलं मला ऐकू आलं. पळाले. जाकीर माझ्या शेजारी रस्त्यावर बसला आणि रडायला लागला. "भाई, तुले काही व्हयनं ते मी कोठे जाऊ?"

मी काय बोललो? मी म्हटलं, चष्मा कपाळावर का आहे. खरंच कपाळावर होता, दुकानातून तसाच धावत आला होता. तो रडता रडता हसला, मीही हसलो, बरगडीत कळ आली. या पोरावर माझा किती जीव आहे हे मी त्याला कधी सांगत नाही. सांगितलं की पोरं डोक्यावर बसतात.

पोलिसात गेलो नाही. आपलं आपण बघू.

२ मार्च, रविवार

पहिला रोजा. डोकं सकाळपासून भणभणत होतं, चहा नाही, तंबाखू नाही.

अकरा-बाराच्या सुमाराला जाकीर आणि छगन जेसीबीची मोठी बॅटरी उतरवत होते. जाकीरच्या बाजूने सुटली. कोपऱ्यावर आपटली, तडकली, ॲसिड त्याच्या चपलेवरून वाहिलं. छगनने लगेच सोडा टाकला, फेस आला, जाकीरने पाय नळाखाली धरला. पाय वाचला. पण ॲसिड वर उडालं असतं तर? त्या वेळी चष्मा त्याच्या खिशात होता. खिशात!

बॅटऱ्या उचलायला आमच्याकडे कॅनव्हासचा पट्टा असतो, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे. तो माझ्या हातात आला. किती मारलं ते लिहीत नाही. छगन मध्ये आला तेव्हा त्याच्याही दंडावर बसला. शेवटी यास्मीन घरातून आली आणि जाकीरच्या अंगावर पडली, तेव्हा थांबलो.

रोजा सोडताना जाकीर समोर बसला होता. खजूर हातात धरला, खाल्ला नाही. यास्मीनने त्याच्या पाठीला हळद लावली. मग वही आणून माझ्या पाटाशेजारी ठेवली. तिला वाटतं मी जनावर आहे. ज्या बाईने सासऱ्याला रोज संडासापर्यंत हात धरून नेलं, तिला तरी कळायला हवं होतं. पाठीचे वळ चार दिवसांत जातात. डोळा परत येतो का?

जाकीरला सांगितलंय: यापुढे एक जरी बॅटरी पाडलीस तर या घरात राहायचं नाही. त्याने मान हलवली.

८ मार्च, शनिवार

आज राग नाही, तरी लिहितो, कारण मन प्रसन्न आहे. त्या दिवसापासून दुकानात एक बॅटरी पडलेली नाही, एक थेंब गळलेला नाही. जाकीर माझ्या आधी दुकान उघडतो. मी पोचेपर्यंत फरशी धुतलेली असते, चार्जिंगची रांग लागलेली असते. हाक मारली की धावत येतो. यास्मीनला म्हटलं, बघ, पट्ट्याने काय झालं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

होळी तोंडावर आलीय. डोंगरातले होळीत वाजवणारे बेंजोवाले, मेळ्यात दिवे लावणारे, सगळ्यांना बॅटऱ्या भरून हव्यात. दोन्ही चार्जर दिवसभर चालू आहेत. चुनीलाल बेंजोवाल्याच्या तर चार बॅटऱ्या परवापासून पडून आहेत. चांगल्या आहेत, नव्यासारख्या.

एकच खटकतंय. सोड्याचं पिंप अर्ध्याच्या खाली गेलंय. गळती नाही, मग सोडा जातो कुठे? आणि कालपासून चार्जिंगच्या खोलीत डांबराचा वास येतोय. रस्त्याचं काम चालू असेल म्हणावं तर ते तर दूर कोंडाईबारी घाटाकडे चाललंय. मला संशय बन्सीलालचा. फुटक्या बॅटरीची फट डांबराने बुजवून ती चांगली म्हणून गळ्यात मारायची, ही त्याची जुनी चाल. त्याचा कुणीतरी माझ्या दुकानात शिरतोय, सोडा चोरतोय, माल बदलतोय. जाकीरला विचारलं, रात्री कुलूप नीट लावतोस ना? त्याचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाला, "हा भाई." भोळा आहे, त्यालाही बन्सीलालची भीती वाटत असणार. मी म्हटलं, भिऊ नको, मी आहे ना.

छगन संध्याकाळी घरी जाताना दारात घुटमळला. तो घरात मावची बोलतो, आमच्याशी मोडकंतोडकं मराठी. म्हणाला, "अनीसदादा, जाकीर लई भितो तुला." मी म्हटलं, भ्यायलाच पाहिजे, ॲसिडला आणि मोठ्या भावाला. तो आणखी काही बोलणार होता. मी म्हटलं, आधी ती जीपची बॅटरी खोलीत ठेव. ठेवली आणि गेला.

जाकीरच्या पँटीला मांडीवर बारीक बारीक भोकं पडलीत. चोरून विड्या ओढतो वाटतं. ईद होऊ दे, मग बघतो त्याच्याकडे.

१२ मार्च, बुधवार

नंदुरबार, डोळ्यांचा दवाखाना. वही यास्मीनने पिशवीत टाकली होती. परवाचं लिहितो. लिहिलं नाही तर हात काय करतील सांगता येत नाही.

सोमवारी दुपारी दुकानात गर्दी होती. चुनीलाल बेंजोवाला त्याच्या बॅटऱ्या न्यायला आला. मला सडक्या अंड्यासारखा वास आला. हा वास बॅटरीवाल्याला झोपेतही कळतो. एखादी बॅटरी पाण्यावाचून उकळत असली की येतो. मी चार्जिंगच्या खोलीच्या दारात गेलो. चुनीलालची चौथी बॅटरी, अगदी भिंतीला लागून, एका अंगाने फुगलेली, बुचांतून वाफ येत होती. मी ओरडलो, "ही कोणी लाई? जाकीर! काढ ती!"

जाकीर माझ्या काखेखालून आत धावला, जणू मी तिथे पोचायच्या आत त्याला पोचायचं होतं. चष्मा कपाळावर होता. ते बघून माझं डोकं फिरलं आणि मी हात उगारला. तो बॅटरीकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता. माझ्याकडे बघत बघतच त्याने चालू चार्जरचा चिमटा ओढला.

चार्जरचं बटण दाराशी आहे. माझ्या खांद्याजवळ.

ठिणगी मी पाहिली. आवाज फटाक्यासारखा नव्हता, दार आपटल्यासारखा होता. झाकणाचे तुकडे पत्र्याला जाऊन लागले. जाकीर भिंतीवर फेकला गेला, दोन्ही हात तोंडावर, आणि हातांमधून ॲसिड आणि रक्त एकत्र गळत होतं. तो ओरडला नाही. "अम्मी" म्हणाला. अम्मी तर कधीच गेली.

मी त्याला मानेला धरून ओढत नळावर नेला. तो डोळे उघडेना. मी त्याच्या छातीवर गुडघा ठेवला, दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि नळ पूर्ण सोडला. तो लाथा मारत होता, माझा हात चावला, मी सोडला नाही. छगन मूठभर सोडा घेऊन धावत आला. मी त्याला लाथेने मागे लोटला. सोडा जमिनीसाठी असतो, डोळ्यांसाठी नाही. डोळ्यांना फक्त पाणी, आणि पाणीच, आणि कितीही ओरडला तरी पाणीच. एक डोळा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. लोक म्हणत होते, अनीस पोराला बुडवतोय. यास्मीन आली तेव्हा मी तिलाही जवळ येऊ दिलं नाही. गाडी आली तरी मी धुतच होतो. गाडीतही बाटल्यांनी ओतत राहिलो.

डावा डोळा गेला. झाकणाचा तुकडा घुसला होता. उजव्याचं डॉक्टर सांगत नाहीत. म्हणाले, धुतलंत म्हणून आशा आहे, पट्टी काढल्यावर बघू. तोवर काही सांगता येणार नाही.

मी त्यांना विचारलं, माझा एक काढून लावता येतो का. ते माझ्या पाठीवर हात ठेवून पुढच्या पेशंटकडे गेले.

मी "काढ" म्हटलं. "चार्जर बंद करून काढ" म्हटलं नाही. पण ते भिंतीवर लिहिलेलं आहे. लाल अक्षरात लिहिलंय.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी यास्मीनला जाकीरजवळ ठेवून दुकानात आलो. फुटलेली बॅटरी बघायची होती. खोका उलटा केला. भिंतीकडच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, वीतभर फट, आणि त्यावर डांबर. जाडजूड, काळंभोर, बोटांनी दाबून बसवलेलं. डांबर उकललं होतं. ॲसिड त्यातून झिरपून गेलं, आत प्लेटा उघड्या पडल्या, आणि त्या तशाच तापत राहिल्या.

डांबर म्हणजे बन्सीलाल. मला आणखी काही बघायचं नव्हतं.

झाकणाचा डबा घेतला, त्यात ॲसिड भरलं. दुसऱ्या हातात पहार घेतली. निघताना चष्मा आणि हातमोजे घातले. ते माझ्या लक्षातही आलं नाही, सवय आहे.

तो वाड्यात एकटाच होता, कुऱ्हाडीने बॅटरी फोडत होता. माझ्याकडे वळला तोच पहार मनगटावर घातली. कुऱ्हाड पडली. दुसरी मांडीवर घातली, तो खाली बसला. मग पहार फेकून दिली, कारण हाताने मारल्याचं समाधान पहारीत नाही. त्याचे दोन दात माझ्या हातमोज्यात अडकले. त्याची बायको रमिलाबाई झोपडीतून धावत आली, माझ्या पाठीवर चिपाडाने मारायला लागली, मला लागतही नव्हतं. मी त्याच्या छातीवर बसलो आणि डब्याचं झाकण उघडलं. म्हटलं, एक डोळा जाकीरचा गेलाय. तुझे दोन घेतो.

बन्सीलालने डोळे मिटले नाहीत. तोंडातलं रक्त थुंकला आणि म्हणाला, "टाक. पण पहिले ऐक. डांबर मन्हंच शे. तुन्हा भाऊ लई गया."

मी म्हटलं, खोटं.

"मन्हा पाय धरात त्यानी. बेंजोवालानी बॅटरी त्याना हातखाल पडनी व्हती. बोलना, बन्सीकाका, फट बुजाडाले काहीतरी दे. भाईले कयनं ते मी जित्ता ऱ्हात नही." तो दम खायला थांबला. "मी त्याले सांगं, पोऱ्या, प्लास्टिकवर डांबर टिकस नही. तुन्हा भाईनी एवढी मोठी खोली बांधी शे ना, तठे ठेव. तो बोलना, तठे ठेवाले ते सांगनं पडी."

रमिलाबाई मारायची थांबली होती. म्हणाली, "दोनदा उन्था पोऱ्या. दुसरा टाइमले त्यानी पाठ दखाडी माले."

मी बन्सीलालच्या तोंडावर आणखी एक ठोसा मारला. खोटं बोलला म्हणून नाही, खरं बोलला म्हणून. मग उठलो. ॲसिड त्याच्या नाल्यात ओतलं नाही. झाकण लावलं, दुकानात परत आणलं आणि टाकीत नीट ओतलं.

छगन पायरीवर बसला होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "पडली तवा मी होतो. जाकीर बोलला, छगनदादा, सांगू नको. त्या दिवशी सांगाया आलो तुला. तू बोलला, जीपची बॅटरी ठेव."

तो उठून घरी गेला. आज त्यांच्याकडे होळी आहे.

१४ मार्च, शुक्रवार

यास्मीनला दवाखान्याच्या व्हरांड्यात विचारलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, हो. सोडा तिनेच घरून दोनदा आणून दिला होता, जाकीरच्या पँटी तिनेच धुतल्या होत्या. माझा हात वर गेला. तिने पदर खांद्यावर घेतला, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "मारा. पन मंग हाई भी लिखा."

म्हणून लिहिलंय. मारलं नाही, पण हात वर गेला होता.

तिने सांगायला हवं होतं. मी तिला म्हटलंही, मला सांगितलं असतंस तर आज त्याचा डोळा शाबूत असता. ती म्हणाली, "तुम्हले सांगतू, ते त्याना जीव ऱ्हाता का?" मी त्याच्या जिवावर कधी उठलो? डोळ्यांसाठीच तर करत होतो सगळं. पट्ट्याचे आकडे लोखंडी आहेत हे मला माहीत होतं. मी आकड्याच्या बाजूने मारत नव्हतो. पहिल्यांदा तरी नव्हतो.

बन्सीलालने तक्रार दिली नाही. रमिलाबाईचा निरोप आला की मनगट मोडलंय, आणि पोराचा डोळा कसा आहे.  

१७ मार्च, सोमवार

जाकीर पट्टीखालून बोलतो. यास्मीनशी बोलतो, नर्सशी बोलतो, शेजारच्या खाटेवरच्या, तापीकाठच्या प्रकाशा गावच्या म्हाताऱ्याशी तापीच्या पाण्यावर बोलतो. मी खोलीत आलो की गप्प होतो. त्याला दिसत नाही, मग कळतं कसं? आज चपला बाहेर काढून, पाय न वाजवता आत गेलो. तरी गप्प झाला.

रोज दुआ एकच मागतो. उजवा राहू दे. दुकान जाऊ दे, कारखान्याचा माणूस नको येऊ दे, खोलीत पुन्हा गाई बांधतो. उजवा राहू दे. अब्बांसारखं भिंत धरून चालणं नको. आज त्याच्या खाटेपाशी बसून म्हटलं, जाकीर, माझं चुकलं. हे शब्द मी कधी कुणाला म्हटले नव्हते, तोंडातून निघताना जड गेले. तो म्हणाला, "हा भाई." दुकानात म्हणायचा तसंच, लगेच आणि खालच्या आवाजात.

२० मार्च, गुरुवार

आज पट्टी काढली.

डॉक्टरांनी पडदे ओढून खोली अंधारी केली. जाकीरला खाटेवर बसवलं, यास्मीन त्याच्या मागे उभी राहिली. पट्टी उलगडली. डाव्या जागेवर नुसता कापूस. उजवी पापणी सुजून जांभळी झाली होती, चिकटली होती. नर्सने ओल्या बोळ्याने पुसली. जाकीरने ती हळूहळू उघडली. डोळा लालभडक. तो कुठे बघतोय ते कळत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, उजेड कळतो का? तो म्हणाला, खिडकीकडे पांढरं पांढरं आहे. डॉक्टर म्हणाले, तेवढं पुरेसं नाही, अजून बघू. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही भाऊ ना? त्या भिंतीपाशी उभे राहा. हात वर करा आणि बोटं दाखवा. किती ते त्याला सांगू नका."

मी भिंतीपाशी गेलो. अल्लाचं नाव घेतलं आणि हात वर केला.

जाकीर खाटेवरून मागे कोसळला. दोन्ही हात तोंडावर, गुडघे पोटाशी, डोकं यास्मीनच्या पोटात खुपसलेलं. खाटेशेजारची ट्रॉली उलटली, वाट्या, कात्र्या फरशीवर पडल्या. तो एकच बोलत होता, "नही पडनी भाई, नही पडनी."

डॉक्टरांना आमचं काही ठाऊक नाही. ते हसले. नर्सला म्हणाले, "दिसतंय याला. छान दिसतंय." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग मला म्हणाले, "घाबरला बिचारा. हरकत नाही, पुन्हा एकदा करा. बोटं मोजून घ्यायची आहेत."

हात अजून वरच होता. खाली घेतला आणि पाठीमागे धरला. म्हटलं, मी नाही करत.

यास्मीनने जाकीरला उठवून बसवलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि भिंतीपाशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मला कोपराने बाजूला सारलं. मग तिने हात वर केला.

"तीन," जाकीर म्हणाला.

तीनच होती.